शहापूरच्या वाड्यातलं चकणं कुत्रं: हे घड्याळ आहे की खेळणं?

शहापूरकर (रविवार, सकाळी ११:२०)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरातला आमचा वाडा पावसाआधी उतरवायचा ठरलाय, म्हणून पुण्याहून रजा काढून आलोय. काल माजघरातलं फडताळ रिकामं करताना वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांमागं आमचं चकणं कुत्रं सापडलं.

लाकडात कोरलेलं, वीतभर उंचीचं, कान पाडून बसलेलं. डोळे मोठे, गोल, पांढरे आणि दोन्ही दोन दिशांना. म्हणून चकणं. डोळ्यांच्या कडेनं बारीक काळी नक्षी रंगवलेली दिसतेय, पण चुलीच्या धुरानं तिच्यावर किटण चढलंय. आपल्या डाव्या हाताला येतो त्या डोळ्यावर रंगाचा एक टवका उडालाय. पाठीत एक चावी, एक फिरवायची गुंडी आणि इंग्रजीत ‘जर्मनी’ असा शिक्का. बाकी नाव नाही, नंबर नाही.

चावी दिली की टिकटिक करतं आणि दोन-तीन तासांनी आपोआप थांबतं. पण काटे नाहीत, तबकडी नाही. आम्ही पोरं त्याला खेळणंच समजायचो. आज्जा रोज रात्री जेवण झालं की त्याला चावी द्यायचा. आज्जी म्हणायची, “हे कुत्रं थंडीत झोपतंय.” आणि खरंच, मार्गशीर्षात टिकटिक बंद पडायची ती शिमग्याच्या सुमाराला परत सुरू. आज्जा गेल्यावर कुत्रं फडताळावर गेलं ते कालपर्यंत तिथंच.

आज्जा कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, एका गोऱ्या साहेबाकडं कारकून होता, साहेब विलायतेला जाताना हे देऊन गेला, असं घरात सांगतात.

आता विचारायचं ते असं: हे घड्याळ आहे का? असेल तर डोळे हलायला हवेत ना? आत्ता तर ढिम्म आहेत. भाचा म्हणतोय, “मामा, आतलं सगळं काढ आणि बॅटरीचं मशीन बसवून टाक, दोन-तीनशेत काम होतंय.” फोटो जोडलाय.

तिखटजाळ (रविवार, सकाळी ११:४५)

फोटोत कुत्र्यापेक्षा बरण्याच जास्त दिसायल्यात. लोणचं कसलं आहे?

बाकी ते साहेबाचं राहू दे. बेळगावात ज्याच्या घरी जुनी वस्तू निघेल त्याच्या आज्ज्याला ती साहेबानंच दिलेली असते. साहेब लोक एवढं वाटत सुटले असते तर लंगोटीवर घरी गेले असते. मुंबईच्या चोरबाजारातून आलंय, लिहून ठेवा.

अनगोळची_अक्का (रविवार, दुपारी १:१०)

शहापूरकर, भाच्याला आधी सांगा, हात लावायचा नाही म्हणून.

आमच्याकडं जपानी घुबडाचं घड्याळ होतं, भिंतीवरचं. वडिलांनी मुंबईहून आणलेलं. खाली लंबक हलायचा आणि वर घुबडाचे डोळे डावी-उजवीकडं फिरायचे. रात्री पाणी प्यायला उठलं की सोप्यातून जायची सोय नाही, आम्ही भावंडं एकमेकांचा हात धरून जायचो. पुढं ते अडकायला लागलं म्हणून बाजारात एका दुकानात दिलं. नाव सांगत नाही, माणसं बरी आहेत, पण काम काय केलं बघा. आठ दिवसांनी गेले तर मालक खूश होऊन सांगतोय, “अक्का, तुमचं चावीचं झंजट कायमचं घालवलं बघा.” आत चौकोनी काळी डबी, तिच्यात पेन्सिल सेल. वेळ अगदी बरोबर. पण लंबक काढून ठेवलेला आणि डोळे समोर खिळलेले. जुनं मशीन परत मागितलं तर म्हणाला, ते भंगारात गेलं.

आता ते घुबड आम्ही जेवत असलो की टक लावून ताटाकडं बघत बसतंय. आधी भीती वाटायची ती परवडली.

घड्याळजीचा_नातू (रविवार, दुपारी ४:३०)

अक्कांच्या घुबडाचं काय झालं ते सांगतो, म्हणजे कुत्र्याचंही कळेल. (निपाणीला आज्जाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मी शिक्षक झालो, पण शाळा सुटली की दप्तर टाकून त्याच्याच बाकड्यावर बसलेलो.)

डोळेवाल्या घड्याळांत डोळा टिकटिकीला बांधलेला असतो. लंबक असेल तर लंबकाला, लहान घड्याळात मागंपुढं होणाऱ्या बॅलन्सच्या चाकाला, एक बारीक तार किंवा पट्टी जोडलेली असते. तिचं दुसरं टोक डोळ्यांना. म्हणजे तो डोळा घड्याळाची नाडीच असतो म्हणा. मशीन काढलं की ती तार जोडायला काही उरतच नाही. अक्कांचा दुकानदार वाईट नव्हता, त्याला डोळे ही शोभा वाटली.

ही युक्ती फार जुनी. जर्मनीतल्या आउग्सबुर्गचे कारागीर १६०० च्या सुमाराला सोन्याच्या मुलाम्याचे सिंह बनवायचे. टिकटिकीबरोबर सिंहाचे डोळे फिरायचे आणि टोले पडताना जबडा उघडायचा. ती राजेरजवाड्यांची चैन. पुढं त्याच देशात ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या शेतकरी सुतारांनी लाकडी पाटीवर माणसाचा चेहरा रंगवून लंबकावर डोळे फिरवले, तेव्हा ती गंमत साध्या घरात आली. त्याच मुलखात फुर्टवांगेन गावाला घड्याळांचं मोठं संग्रहालय आहे. तिथला एक जाड्या गडी टोले पडायला लागले की काट्यानं कणकेचे गोळे उचलून तोंडात टाकतो. बाराच्या टोल्यांना त्याची चंगळ.

अमेरिकेत कनेटिकटमधल्या मेरिडन गावच्या ब्रॅडली अँड हबर्ड कंपनीनं १८५० च्या दशकाच्या शेवटापासून बिडाच्या पुतळ्यांत अशी घड्याळं घातली. पोटात तबकडी, डोळे वरखाली. हातात घेतलं तर वरवंट्यासारखं जड.

आता शहापूरकर, तुमचं कुत्रं. पोटात तबकडी नाही, काटे नाहीत, तरी आज्जा रोज चावी देत होता. शहापूरचा कारकून रोज रात्री उगीच खेळण्याला चावी देत बसेल असं मला वाटत नाही. एक काम करा. पूर्ण चावी द्या, मोबाईल समोर उशीला टेकून ठेवा, एक फोटो काढा. तासाभरानं हात न लावता तसाच दुसरा काढा. तोवर डोळ्यांना काही पुसापुशी नको.

खानापुरी (रविवार, संध्याकाळी ६:०५)

आमच्याकडं डोळे नाही, पण कोंबडी होती. गजराच्या घड्याळात तबकडीवर कोंबडी आणि पिल्लं, दर टिकटिकीला कोंबडीची मान खाली, दाणा टिपायलीय असं वाटायचं. चिनी होतं, चुलत्यानं मस्कतहून आणलेलं. आमची आई पिठाची चिमूट तबकडीसमोर ठेवायची, आम्हाला फसवायला. “बघ, थोडं खाल्लंय की नाही?” आम्ही बघायचो. थोडं कमी झालेलं असायचंच. मुंग्या.

करदंट (रविवार, संध्याकाळी ७:४०)

गोकाकहून बोलतोय. आमच्या गावची रंगीत लाकडी खेळणी आणि फळं सगळ्यांना माहीत असतील. लाकडाचा पेरू खऱ्या पेरवात ठेवला तर पाहुणा हमखास तोच उचलतो. पण त्यातलं काही हलत नाही. हलणाऱ्यात आमच्या राज्याचं नाव मोठं केलं ते टिपूच्या वाघानं. गोऱ्या शिपायाच्या नरड्यावर बसलेला लाकडी वाघ, जवळजवळ खऱ्या मापाचा. दांडी फिरवली की शिपाई हात वर करतो आणि विव्हळतो, आतल्या भात्यावर वाघ गुरगुरतो. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो लंडनला नेला, आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. घड्याळ नव्हे ते, मान्य. पण तिखटजाळ, साहेब लोक वाटत सुटले होते की गोळा करत, याचा हिशोब इथं लागतो.

अनगोळची_अक्का (रविवार, रात्री ८:२५)

वा करदंट!

हैदराबादला सालारजंग संग्रहालयातलं घड्याळ बघितलंय का कुणी? कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी कंपनीचं. तासाला दोन-तीन मिनिटं कमी असताना एक दाढीवाला बुटका दार उघडून बाहेर येतो, टोले वाजवतो आणि आत जातो. दुसऱ्या बाजूला एक लोहार सेकंदासेकंदाला घण मारत बसलेला. आम्ही मुद्दाम बाराला जाऊन बसलो, बारा टोले मिळतात म्हणून. समोर बाकं मांडलीत आणि सिनेमाला असते तशी गर्दी. बुटका आत गेल्यावर सगळे पांगले, पण लोहार आपला घण मारतोच आहे. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मला तोच आवडला.

ओरेगनकर (सोमवार, पहाटे ५:५०)

मूळचा टिळकवाडीचा, सध्या मुक्काम पोर्टलंड, त्यामुळं या धाग्यात पडणं भाग आहे. काळं मांजर, फिरणारे डोळे आणि लंबकाच्या जागी हलणारी शेपूट, ते किट-कॅट घड्याळ याच गावचं. अर्ल अर्नॉल्टनं १९३२ साली काढलं. मंदीचे दिवस होते, लोकांना घरात काहीतरी हसरं हवं होतं असं म्हणतात. आधीच्या मांजराला पुढचे पाय नव्हते आणि गळ्यात बो टायही नव्हता, ते १९५० च्या दशकात आले. म्हणून जुनं मांजर ओळखायचं तर आधी पाय बघतात.

अक्का, एक गोष्ट मात्र बॅटरीच्या बाजूनं. हे मांजर आधी विजेच्या प्लगवर चालायचं, १९८० च्या दशकाच्या शेवटाला बॅटरीवर आलं, तरी डोळे आणि शेपूट आजही हलतात. आत शेपटीसाठी वेगळी सोय केलेली आहे. बॅटरी नव्हे, बसवणारा आळशी होता.

आणि नातूसाहेबांनी सांगितलेल्या त्या बिडाच्या पुतळ्यांबद्दल. त्यातले कित्येक गुलामीच्या काळातल्या काळ्या माणसांची टिंगल करणारे आहेत. मोठाले ओठ, गरागरा फिरणारे डोळे. इथल्या जुन्या बाजारात एकदा तसलं घड्याळ बघितलं, दुकानदारानं किमतीची चिठ्ठी नेमकी त्या माणसाच्या तोंडावर चिकटवलेली. कारागिरी उत्तम होती. तरी घरात नको वाटलं.

शहापूरकर (सोमवार, रात्री ९:३०)

नातूसाहेब, प्रयोग केला. पहिला फोटो ८:०५ ला, दुसरा ९:०५ ला. दोन्ही जोडलेत.

टवक्याचा डोळा फिरलाय! टवका आधी नाकाच्या बाजूला होता, तो खाली सरकलाय, थोडासाच, पण नक्की. दुसरा डोळा मात्र जाम आहे. केसभरसुद्धा हललेला नाही, फोटोवर फोटो ठेवून बघितला. म्हणजे एक डोळा बरा, एक बिघडलेला. दुरुस्तीला कुठं देऊ?

घड्याळजीचा_नातू (सोमवार, रात्री ९:४२)

कुठंही देऊ नका आणि आधी बसून घ्या.

बरोब्बर एका तासानं फोटो काढलात ना? मग मिनिटाचा काटा तासाभरानं कुठं असतो?

तिखटजाळ (सोमवार, रात्री ९:४४)

अरे देवा.

शहापूरकर (सोमवार, रात्री १०:०६)

९:४५ आणि १०:०५ चे फोटो टाकतोय. दुसरा डोळा कुठल्या कुठं गेलाय.

हात थरथरायलेत राव. चाळीस वर्षं या कुत्र्याला आम्ही मुकं समजत होतो.

घड्याळजीचा_नातू (सोमवार, रात्री १०:३५)

आता सांगतो. ओस्वाल्ड म्हणून घड्याळं होती, जर्मनीतल्या फ्रायबुर्गची, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातली आणि त्यापुढची. कोरलेली कुत्री, घुबडं, एक तर माणसाची कवटीसुद्धा. त्यांचे डोळे टिकटिकीला हलत नाहीत. एक डोळा तासाचा, दुसरा मिनिटांचा, आणि दोन्ही आपापल्या गतीनं सावकाश फिरतात. तासाचा डोळा बारा तासांत एक फेरी मारणार, म्हणजे बघत बसलात तर हलताना कधीच दिसणार नाही. दोघांची नजर जुळत नाही म्हणून चकणं. तुमचं कुत्रं त्याच घराण्यातलं दिसतंय. शिक्क्यात ‘पश्चिम जर्मनी’ नाही, नुसतं ‘जर्मनी’ आहे, तेही युद्धाआधीच्या काळाशी जुळतं.

ती काळी नक्षी म्हणजे आकडे असणार. कापसाचा बोळा जेमतेम ओला करून, पिळून, एका कोपऱ्यावर टेकवून बघा. घासायचं नाही. रंग निघाला तर परत येणार नाही. साबण, स्पिरिट, कोलीन काही नको.

दोन-तीन तासांनी थांबतंय ते आतलं जुनं तेल चिकट झाल्यामुळं. म्हणून आता चावी देणं बंद. चिकटलेल्या तेलात धूळ असते आणि धूळ पॉलिश पेपरसारखी आतल्या दांड्या खाते. एक सांगा, तेल कसलं घालायचे?

शहापूरकर (मंगळवार, सकाळी १०:१५)

आकडे आले! कापसावर काजळी आणि खाली आधी ७, मग ८. पुढं धीर झाला नाही, थांबलो.

तेलाचं वडगावच्या आत्याला फोन करून विचारलं. म्हणाली, “खोबरेल की. दुसरं कसलं? खंडेनवमीला आज्जा सायकल, शिलाईचं मशीन, अडकित्ता सगळं पुसून ओळीनं मांडायचा, त्यात कुत्रं पण असायचं. फुलं वाहून झाली की सगळ्यांना खोबरेलाचं बोट.”

घड्याळजीचा_नातू (मंगळवार, सकाळी १०:३१)

तुमच्या आज्जीचं कोडं सुटलं मग. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. दसऱ्याला घातलेलं तेल मार्गशीर्षातल्या बेळगावच्या थंडीत बाटलीत गोठतं तसंच कुत्र्याच्या पोटातही गोठायचं. शिमग्याला ऊन तापलं की पातळ झालं, कुत्रं जागं.

आमचा आज्जा अशा घड्याळांना ‘डोक्याला तेल लावून आलेलं गिऱ्हाईक’ म्हणायचा. उघडायच्या आधी नाकाजवळ धरायचा. वास खोबरेलाचा आला की मजुरी जास्त.

अनगोळची_अक्का (मंगळवार, सकाळी ११:००)

काय सांगता! आणि आज्जी बिचारी झोपतंय म्हणून वर दुपटंही घालत असेल.

शहापूरकर (मंगळवार, सकाळी ११:१२)

अक्का, तुम्हाला कसं कळलं? टोपडं घालायची. माझंच.

खानापुरी (मंगळवार, दुपारी १२:२०)

आज्जाला वेळ कळायची का मग? का तो पण नुसता चावीच देत होता?

शहापूरकर (मंगळवार, रात्री ९:५५)

खानापुरी, हाच प्रश्न घेऊन संध्याकाळी वडगावला गेलो, कुत्रं पिशवीत घालून.

आत्याला आकडे माहीत नव्हते. घरात फक्त आज्जाच वाचायचा, आणि त्यानं कुणाला शिकवलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. वेळ सांगायला भिंतीवर टोल्यांचं मोठं घड्याळ होतंच. पण आत्यानं कुत्रं हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारला आणि टवक्यावर बोट ठेवलं. “हा मी पाडलेला. विटी लागलेली. पाठीत चार गुद्दे खाल्लेत ह्याच्यासाठी. पण पुढं मला त्याचाच उपयोग झाला बघ. हा टवका बरोबर खाली, हनुवटीकडं आला की दिवेलागण. आज्जीनं सांगायच्या आत मी वात लावलेली असायची. तिला वाटायचं पोरगी शहाणी आहे.”

तिखटजाळ (मंगळवार, रात्री १०:०४)

मी चोरबाजाराचं मागं घेत नाही. पण आत्यांना नमस्कार सांगा.

घड्याळजीचा_नातू (मंगळवार, रात्री १०:२०)

गडहिंग्लजला ओळखीतले एक म्हातारे कारागीर आहेत, अजून डोळ्याला भिंग लावून बसतात. व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. कमान, म्हणजे चावीनं आवळते ती स्प्रिंग, पूर्ण सैल केल्याशिवाय मागचं झाकण उघडायचं नाही, हे तुम्हालाच सांगतोय, त्यांना नव्हे. ते सगळे भाग सुटे करून धुतील आणि घड्याळाचं तेल सुईच्या टोकानं, थेंबाहून कमी, जिथं लागेल तिथंच देतील. लाकडाला पॉलिश मागू नका. टवका रंगवायचा तर अजिबात नाही.

सुटं करायच्या आधी दोन्ही डोळ्यांचे फोटो काढून ठेवायला सांगा. डोळा परत बसवताना एका दात्यानं जरी चुकला तरी तास आणि मिनिट यांचं भांडण लागतं. मिनिटाचा डोळा बारावर आणि तासाचा साडेसातवर, असं.

शहापूरकर (तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ८:१०)

रजा वाढवून राहिलोय. वाड्याची कौलं उतरली, माजघर अजून उभं आहे. कुत्रं काल गडहिंग्लजहून आलं. म्हाताऱ्या कारागिरांनी आतून काढलेला खोबरेलाचा पिवळा मेणासारखा गोळा कागदाच्या पुडीत बांधून दिलाय, “घराण्याचा ठेवा” म्हणून. मजुरी नातूसाहेब म्हणाले तशीच, जास्त.

आज सकाळी गुंडी फिरवून वेळ लावली. संध्याकाळी आत्याला घेऊन आलो. माजघरात बल्ब नाही, लाईट तोडलीय, म्हणून मोबाईलच्या उजेडात दोघं फडताळासमोर बसलो. पावणेसातला टवका जवळजवळ खाली आला. आत्या म्हणाली, “आलं बघ.” मी मोबाईलमध्ये बघितलं, सहा अठ्ठावन्न.

समई आधीच पुण्याला गेलीय. पणती शोधली, वात आत्यानं पदराच्या सुताची वळली, आणि तेल काय, तर न्हाणीघरात खोबरेलाची बाटली होती.

अनगोळची_अक्का (शुक्रवार, रात्री ८:१९)

पणतीपुरतं ठीक आहे. पण खंडेनवमीला ती बाटली लपवून ठेवा.